एक खण मोकळा

बाळकृष्ण दोशी पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांचा जन्म इथे झाला, लहानपण इथेच गेलं. तरी आपल्या मनात ते अहमदाबादचेच. त्यात काही चूकही नाही. उभ्या आयुष्याचं काम त्यांनी तिथे केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला तिथेच ते गेले. २०१८ साली वास्तुकलेतला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पण घर म्हणजे काय, हे त्यांना कुठे कळलं असं विचारलं की तरुणपणी जिथे काम केलं त्या पॅरिसचं नाव ते घेत नसत. पुण्यातल्या आजोबांच्या घराविषयी बोलू लागत.

घराणं गुजराती वैष्णव, धंदा फर्निचरचा. आई ते तान्हे असतानाच गेलेली. तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबात ते वाढले. घरात लग्नं होत, मुलं जन्मत, आणि माणसांबरोबर घरही वाढे. कधी एखादी खोली, कधी वर एखादा मजला. कुठे जिना अंधारा, कुठे छत डोक्याला लागेल इतकं खाली, कुठे अचानक उजेड. ते घर कुणी एका नकाशात आखलेलं नव्हतं आणि 'झालं एकदाचं बांधून' असं त्याच्याबद्दल कुणी म्हटलं नसेल. त्याच घरात सुतारकामाच्या वासात वाढलेला मुलगा पुढे जगभर मानला गेलेला आर्किटेक्ट झाला आणि वयाच्या साठीत त्याने इंदूरमध्ये हजारो गरीब कुटुंबांना अर्धंच घर दिलं. उरलेलं तुम्ही बांधा, म्हणाला. त्या अर्ध्या घराबद्दलच मला लिहायचं आहे. दोशींनी मोठमोठ्या संस्थांच्या इमारती उभारल्या, बंगळूरच्या आयआयएममधल्या त्या वेलींनी मढलेल्या दगडी वाटा तर पाहत राहाव्यात अशा आहेत. तरी माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम ते अर्धं घर आहे.

आमचं मूळ घर वाईजवळच्या एका गावात. तिथे घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. आठ खणांचं घर, बारा खणांचं घर, असं बोलत. खांब सागवानी, वर तुळया, त्यावर कडीपाट, आणि कडीपाटावर माती. या मोजमापात एक मोठं शहाणपण होतं. घराला लागेल तसा एक खण जोडता येई. आमच्या घराची मागची पडवी थोरल्या काकांच्या लग्नात भिंत घालून खोली झाली. आत्या लहान वयात विधवा होऊन परत आल्या तेव्हा माजघराला लागून त्यांच्यासाठी एक खण वाढवला. त्या खणाला मागच्या अंगणात उघडणारं स्वतंत्र दार होतं. ते दार आजोबांनी मुद्दाम ठेवलं, असं आई सांगायची. आत्यांना घरातल्या वर्दळीतून न जाता परसात, विहिरीवर, देवळात जाता यावं म्हणून. एका दारात केवढा मान ठेवलेला असतो, हे मला फार उशिरा समजलं. त्या घराचा आर्किटेक्ट कोण? आजोबा, गावचा सुतार, गवंडी, आणि थोड्याफार आत्यासुद्धा.

ही रीत काही जुन्या वाड्यांबरोबर संपलेली नाही. सातारा, सांगली, सोलापूर, कुठल्याही गावात शिरा. निम्म्या घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया आकाशाकडे उभ्या सोडलेल्या दिसतील. शहरातून येणाऱ्याला ते अर्धवट, ओबडधोबड वाटतं. मला त्या सळया पाहिल्या की त्या घरातल्या माणसांचा हिशेब दिसतो: धाकट्याचं लग्न ठरलं की वर दोन खोल्या काढू, ऊस चांगला गेला की जिना आत घेऊ. घर बांधायला घेतलं त्याच दिवशी पुढच्या पिढीचा विचार केलेला असतो.

दोशी १९४७ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकायला गेले. तिथून १९५० च्या सुमारास लंडन, आणि १९५१ मध्ये पॅरिस, प्रख्यात आर्किटेक्ट ल कार्बुझिए यांच्या स्टुडिओत. फ्रेंच येत नव्हतं. पहिले आठ महिने पगारही नव्हता. कार्बुझिए तेव्हा चंडीगड आणि अहमदाबादच्या कामांत होते, आणि १९५४ मध्ये त्यांच्या अहमदाबादच्या इमारतींवर देखरेख करायला दोशी भारतात परतले: साराभाई कुटुंबाचं घर, शोधन यांचं घर, मिल मालक संघाची इमारत. कार्बुझिए यांना ते अखेरपर्यंत गुरू म्हणत. प्रकाश भिंतीवरून कसा उतरवावा, काँक्रीटला कसं बोलतं करावं, हे त्यांनी त्या स्टुडिओत घेतलं.

पण गुरूच्या कारकिर्दीत एक प्रसंग होता, आणि तो घरांच्या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. १९२०च्या दशकात कार्बुझिए यांनी फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे एका साखर कारखानदाराच्या सांगण्यावरून कामगारांसाठी पन्नासेक घरांची वसाहत बांधली. सपाट छपरं, लांबलचक आडव्या खिडक्या, मोकळ्या गच्च्या. राहायला आलेल्या माणसांनी पुढच्या काही दशकांत त्या घरांचं रूप पालटून टाकलं. कुणी सपाट छपरावर उतरतं छप्पर चढवलं, कुणी गच्ची बंद करून खोली केली, कुणी लांब खिडकी बुजवून ओळखीच्या आकाराची खिडकी बसवली. पुष्कळ समीक्षकांनी याला वसाहतीचं अपयश म्हटलं. मला वाटतं, लोक तिथे खरोखर राहत होते याचाच तो पुरावा होता. गुरूच्या घरांत जे त्याच्या मनाविरुद्ध घडलं, तेच शिष्याने पुढे आपल्या नकाशात आधी जागा ठेवून घडू दिलं. दोशींनी तो धडा पेसाककडे पाहून घेतला असं मी म्हणणार नाही. पुण्याचं घर त्यांच्यापाशी होतंच.

परतल्यावर १९५४ सालीच त्यांनी स्वतःशी एक शपथ घेतली होती: सगळ्यांत खालच्या थरातल्या माणसाला नीट घर मिळवून द्यायचं आणि हे आयुष्यभर विसरायचं नाही. तरुणपणी अशा शपथा पुष्कळजण घेतात. दोशींची शपथ मात्र त्यांच्या कामांच्या यादीत शोधली तर सापडते. पुढच्या काही वर्षांत वास्तुशिल्प हे त्यांचं कार्यालय सुरू झालं. अहमदाबादेत कापड संशोधन संस्थेच्या कामगारांसाठी कमी खर्चाची घरं झाली, बडोद्यात खत कारखान्याची वसाहत झाली, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनची. १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा सुरू केली. पुढे तिचंच सेप्ट विद्यापीठ झालं. पत्नीच्या नावाचं 'कमला हाऊस' त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःसाठी बांधलं. लहानसं, विटांचं, उन्हाळ्याची धग आत येऊ नये म्हणून भिंतींत पोकळी ठेवलेलं. नंतर त्यांनी त्यातही बदल केले. स्वतःचं घरसुद्धा ते संपवून मोकळे झाले नाहीत.

अहमदाबादच्या पोळी, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्या, त्यांच्या पायाखालच्या होत्या. अरुंद गल्ली, एकमेकांना चिकटलेली घरं, दारापुढे ओटला, आत चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं. मे महिन्यात ४४-४५ अंशांचं ऊन असताना त्या गल्लीत सावली असते, कारण घरं एकमेकांवर सावली धरतात. ओटल्यावर भाजी निवडतात, अभ्यास होतो, भांडणं होतात आणि मिटतात. आपल्याकडच्या वाड्यांच्या ओट्यांवर, चाळींच्या गॅलरीत हेच चालायचं. घर आणि रस्ता यांच्यामधली ही जागा कुणाच्याच मालकीची नसते आणि सगळ्यांची असते. आजच्या बांधकामात पहिली कापली जाते ती हीच, कारण तिचा भाव लावता येत नाही.

१९७३ मध्ये आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी अहमदाबादेत एक वसाहत बांधली. बिमानगर म्हणतात तिला. तिथली मांडणी साधी आणि धीट आहे. एका उभ्या गाळ्यात तीन कुटुंबं, तिन्ही वेगवेगळ्या मिळकतीची. तळाशी मोठं घर, त्यावर मध्यम, सर्वांत वर लहान. ज्याला पैसे कमी त्याचं घर लहान, पण गच्ची त्याची. म्हणजे मोकळी जागा त्याच्या वाट्याला आली. पुढे हाती पैसा आला की तो गच्चीवर खोली काढू शकतो. खालच्याला अंगणाकडे सरकता येतं. आपल्याकडे गृहरचना मिळकतीनुसार वेगवेगळ्या इमारती करते, आणि मग या इमारतीतली मुलं त्या इमारतीतल्या मुलांशी खेळत नाहीत. बिमानगरात जिना एकच. पुढच्या दशकांत तिथल्या लोकांनी खोल्या वाढवल्या, बाल्कन्या बंद केल्या, दारापुढे देव बसवले, रंग बदलले. दोशी पुढे तिथे जात, लोकांनी केलेले फेरफार पाहत आणि त्यांना आनंद होई. आपल्या इमारतीला कुणी खिळाही ठोकू नये असं मानणारे मोठे कलावंत मी वाचले आहेत. त्यांच्याविषयी आदर आहे. पण राहायचं असेल तर मी दोशींच्या घरात राहीन.

आता इंदूर.

माझी मावशी इंदूरची. होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेल्या मराठी घरांतलं तिचं सासर, त्यामुळे राजवाडा, सराफा, पोहे-जिलबी हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक. अरण्य नावाची वसाहत मात्र मी तिथे पाहिली ती बरीच मोठी झाल्यावर, दोशींविषयी वाचल्यानंतर. मावसभाऊ म्हणाला, "ताई, तिथे बघायला काय आहे? साधी वस्ती आहे." वस्तीत शिरल्यावर त्याचं म्हणणं पटलं. आणि तेच या वसाहतीचं यश आहे हे थोड्या वेळाने ध्यानात आलं.

इंदूर विकास प्राधिकरणाने हे काम १९८३ मध्ये दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे दिलं. आग्रा-मुंबई महामार्गालगतची सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, साठ हजार माणसांची वस्ती व्हावी असा अंदाज. बहुसंख्य प्लॉट आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी, आणि त्यांतला सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. बाकीचे मध्यम आणि वरच्या मिळकतीच्या लोकांसाठी, महामार्गाकडची जागा दुकानांसाठी. मोठ्या प्लॉटांच्या आणि दुकानांच्या विक्रीतून आलेला पैसा लहान प्लॉटांच्या सोयींवर खर्च व्हावा, असं गणित बसवलं होतं.

आखणी करण्याआधी फाउंडेशनच्या माणसांनी इंदूरच्याच झोपडपट्ट्या नीट पाहिल्या. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले अभ्यासकही या कामात होते. त्यांनी मोजमापं घेतली, चित्रं काढली. झोपडीपुढे ओटा किती रुंद असतो, झाड कुठे लावतात, चूल पावसात कुठे सरकते, दुकान घराच्या कुठल्या कोपऱ्यात निघतं, गल्ली कुठे रुंद होते आणि तिथे कोण बसतं. ज्या वस्त्या सरकारी कागदावर 'हटवायच्या' या रकान्यात असतात, तिथे शिकायला म्हणून जाणं मला फार मोठं वाटतं. गरीब माणसाला घर बांधता येत नाही, अशी आपली समजूत आहे. त्याला घर बांधता येतं, हाताशी जे मिळेल त्यातून तो ते बांधतच असतो. त्याला जमत नाही ते जमीन, पाणी, गटार आणि वीज. ते एकट्याने जमणारं नाहीच.

म्हणून अरण्यमध्ये तेवढंच दिलं. प्रत्येक लहान प्लॉटवर जोतं, आणि त्यावर संडास-मोरी. ज्याला परवडेल त्याला स्वयंपाकाची जागा, एखादी खोली. पाणी आणि वीज सगळीकडे. वीसेक घरांमागे एक सेप्टिक टँक. रक्कम हप्त्यांनी फेडायची. घरं एकमेकांना चिकटून, लांब भिंती सामायिक, म्हणजे भिंतीचा खर्च वाचतो आणि ऊन कमी लागतं. दहा घरांचा पुंजका, त्याला त्याची गल्ली. आणि घर व रस्ता यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा सोडलेला, ज्यात ओटा घाला, पायऱ्या काढा, वर सज्जा आणा, हवं ते करा. काय काय करता येईल हे लोकांना दिसावं म्हणून दोशींनी ८० नमुना घरं बांधून दाखवली. जिने, सज्जे, कठडे, दारं यांच्या नाना तऱ्हा. तसंच बांधा असा आग्रह नव्हता. १९८९ पर्यंत हे काम उभं राहिलं, १९९५ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि आज तिथे ८० हजारांवर माणसं राहतात.

मी गेले तेव्हा बहुतेक घरांवर दोन-तीन मजले चढलेले होते. गुलाबी, पोपटी, निळे रंग. लोखंडी जिने. खाली शिलाईचं दुकान, पिठाची गिरणी, मोबाइल रिचार्ज, पापड वाळत घातलेले. एका ओट्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मी आमच्या मराठी वळणाच्या हिंदीत त्यांना अम्मा म्हणून हाक मारली, घर केव्हाचं विचारलं. त्यांनी मला "बैठो बेटा" म्हणून ओट्यावर बसवलं आणि घराचा इतिहास सांगितला. तो त्यांच्या संसाराचाच इतिहास होता. आधी जोत्यावर पत्रे टाकून राहिलो. मग पुढची खोली. थोरल्याच्या लग्नाला वरची. नवरा आजारी पडला तेव्हा वरची खोली भाड्याने दिली आणि त्या भाड्यावर औषधं झाली. तो गेल्यावर मुलाने दुकान काढलं, त्यासाठी पुढची भिंत पाडली. प्रत्येक भिंतीला कारण होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. आर्किटेक्टचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मला वाटतं, दोशींना ते आवडलं असतं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून मी दोशींचं भलं करणार नाही. वाढत्या घराला मोकळीक दिली की सगळेच नीट वाढत नाहीत. अरण्यमध्ये काही गरिबांनी प्लॉट विकले, त्यांच्या जागी बऱ्या स्थितीतली माणसं आली. नमुना घरांपैकी फार थोडी मूळ रूपात उरली आहेत. वर मजले चढले तसा काही गल्ल्यांमधला उजेड कमी झाला, कुठे हवा अडली. दाराच्या ओट्यापुढे मोटारसायकली आल्या. टीकाकार म्हणतात, अर्धं घर देणं म्हणजे सरकारने आपली अर्धी जबाबदारी झटकणं. याचा मी बराच विचार केला आहे. जोतं, पाणी, गटार आणि मालकीचा कागद न देता 'तुम्हीच बांधा' म्हणणं ही नक्कीच जबाबदारी झटकणं आहे. ते सगळं देऊन, वर माणसाच्या शहाणपणाला जागा सोडणं ही वेगळी गोष्ट. आणि प्लॉट विकला म्हणून गरिबाला दोष देणाऱ्यांनी, त्याच्या घरात तेव्हा कोणतं आजारपण होतं, कोणतं कर्ज होतं, हेही विचारलं पाहिजे.

हाच प्रयोग आपल्या अगदी जवळ, नवी मुंबईत झाला आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कारकीर्द केलेले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर नव्या शहराची कल्पना मांडली होती. बेलापूरला १९८३ ते ८६ या काळात कोरियांनी आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत आखली. जेमतेम साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. ८ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन पुंजके मिळून एक मोठं अंगण, आणि अशी तीन मिळून त्याहून मोठं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, श्रीमंत-गरिबांत फार तफावत नको म्हणून. इथे मात्र एकही भिंत सामायिक नाही. कारण तेच: शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. घरं इतकी साधी की गावातल्या गवंड्याला बांधता यावीत. आज तिथे बहुतेक जुनी कौलारू घरं पाडून वर काँक्रीटचे मजले उभे आहेत, काही अंगणांत गाड्या लागलेल्या असतात. पण अजूनही काही अंगणांत झाड आहे, झाडाखाली बाक आहे आणि बाकावर बसून बायका बोलत असतात. मुंबईच्या इतक्या जवळ, जमिनीवर, अंगणासकट, साध्या माणसांची एवढी दाट वस्ती दुसरी कुठे दाखवता येईल? आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी परदेशी मासिकं चाळण्याआधी हार्बर लाइनने बेलापूरला उतरावं.

चिलीचे आर्किटेक्ट आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ मध्ये इकीके या गावी अर्धी घरं बांधली, आणि २०१६ मध्ये त्यांना प्रित्झकर मिळाला तेव्हा जगाने त्या कल्पनेचं फार कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण इंदूर आणि बेलापूर त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीचे, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

आपण मात्र त्या वाटेने गेलो नाही. मुंबईत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन सुरू झालं. झोपडीच्या बदल्यात मोफत घर: आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. झोपडीतून पक्क्या घरात येणं, घरात संडास असणं, विशेषतः बायकांसाठी, ही लहान गोष्ट नाही. तिची किंमत मी जाणते. पण चौदाव्या मजल्यावरच्या ३०० फुटांत सून आली तर कुठे सरकायचं? पापड कुठे वाळवायचे, शिलाई मशीन कुठे ठेवायचं, दुकान कुठे काढायचं? ओटा गेला म्हणजे कित्येक घरांची निम्मी कमाई गेली. जमीन कमी आणि माणसं फार, हे मान्य. मजले चढवावेच लागतील. तरी रुंद गॅलरी, प्रत्येक मजल्यावर सामायिक जागा, आतल्या हलवता येतील अशा भिंती, एवढं तर उंच इमारतीतही शक्य आहे. कोरियांनी मुंबईतच कंबाला हिलवर श्रीमंतांच्या 'कांचनजंगा' इमारतीत दोन मजली उंचीच्या बागेसारख्या गॅलऱ्या दिल्या होत्या. चौदाव्या मजल्यावरच्या पापड करणाऱ्या बाईला तेवढी नको. तिला दोन हात रुंद गॅलरी पुरे.

मध्यमवर्गाचं वेगळं काही नाही. आमच्याच फ्लॅटमध्ये सासूबाई शेवटची वर्षं चाकाच्या खुर्चीवर होत्या. बाथरूमचं दार दोन फुटांचं. खुर्ची आत जात नव्हती. दार रुंद करायचं तर बाजूला कॉलम. घर घेताना आम्ही टाइल्सचा रंग तीन वेळा बदलून घेतला होता, सिंकची उंची ठरवली होती. आपण म्हातारे होणार आहोत हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ज्यांनी ते घर बांधलं त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमातच म्हातारपण नव्हतं. त्या काळात मला आजोबांनी आत्यांसाठी काढलेलं मागचं दार सारखं आठवे.

आता पुण्यात जुन्या सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला निघाल्या आहेत. सभांना मी जाते. चर्चा असते ती वाढीव किती फूट मिळणार, पार्किंग किती, भाडं किती, याची. हे प्रश्न गरजेचेच आहेत. पण आतली कोणती भिंत विटांची आणि कोणती काँक्रीटची, पुढे कोणती काढता येईल, नळाच्या उभ्या लाइनी कुठे आहेत आणि त्यामुळे स्वयंपाकघर सरकवता येईल का, एका मोठ्या फ्लॅटचे उद्या दोन लहान करता येतील का, मुलगा परदेशी गेल्यावर अर्धा भाग वेगळ्या दाराने भाड्याने देता येईल का, हे विचारणारा माणूस मला सभेत क्वचित भेटतो. काँक्रीटची इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते. तेवढ्यात एका कुटुंबात किती येतात, किती जातात.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. गावी घर बांधत असा, शहरात फ्लॅट घेत असा, सोसायटीच्या नव्या इमारतीचे नकाशे तुमच्यापुढे आले असोत, सही करण्याआधी आर्किटेक्टला समोर बसवा आणि विचारा: आमच्या म्हातारपणी खाट कुठे येईल? मुलगी परत आली तर तिची खोली कुठे निघेल, आणि तिला तिचं दार मिळेल का? वरचा मजला चढवायचा झाला तर पाया आणि कॉलम आत्ताच त्या बेताचे आहेत का? भिंतींपैकी कोणती आमच्या मुलांना पाडता येईल? चांगला आर्किटेक्ट या प्रश्नांनी चिडणार नाही, कागद पुढे ओढून काढून दाखवेल. तो दाखवेपर्यंत सही करू नका.